त्याला हात नाहीत

१

सोमवारची माझी कामं ठरलेली असतात. आधी देवघर, मग अव्वांचा चहा, मग मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट. कपाटाची किल्ली माझ्या कमरेच्या छल्ल्याला असते. झोपतानाही ती तिथेच असते. कपाट उघडायचं, आत उभ्या ठेवलेल्या बंदुकीच्या दस्त्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, उदबत्ती ओवाळायची, चापावरचं कुलूप हिसडून बघायचं आणि दार लावायचं. बाकीच्या बायका गॅसचं बटण बघतात, तसं मी ते कुलूप बघते.

बंदूक माझ्या सासऱ्यांची, सिद्धलिंगप्पांची. दुनळी, बारा बोअरची. अक्कलकोटकडच्या शेतावर रानडुकरांसाठी घेतलेली. ते थकल्यावर परवाना माझ्या नवऱ्याच्या, गुरुराजच्या नावावर झाला आणि बंदूक आमच्या भवानी पेठेतल्या घरी आली. गुरुराज चादरी-टॉवेलचा घाऊक व्यापार करतात, आठवड्यातले निम्मे दिवस पंढरपूर, नातेपुते असे फिरतीवर. मागच्या गल्लीत एकदा चोर शिरले होते. घरात बायकापोरंच असतात म्हणून बंदूक हवी, असं त्यांचं म्हणणं. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांच्या फोटोखाली दोन खुंट्यांवर ती आडवी असायची. पाहुणे आले की आधी तिच्याकडे बघायचे, मग आमच्याकडे.

मुलगा पुण्याला नोकरीला आहे. तिथे घराचं जमेपर्यंत सून पूनम आणि दोन नातवंडं आमच्याकडे. एका दुपारी थोरली राजनंदिनी मला खुर्चीवर पाट, पाटावर उशी रचून उभी दिसली. तिची बोटं बंदुकीच्या पट्ट्याला लागली होती. खाली धाकटा बसू टाळ्या वाजवत होता. मी ओरडले नाही. तिला कडेवर घेतलं, खाली ठेवलं आणि मग बंदूक उतरवली.

संध्याकाळी गुरुराज चिडले.

"माझ्या बापाची बंदूक तू कुलपात घालणार?"

"पतवंडंही तुमच्या बापाचीच आहेत."

"अगं, रिकामी असते ती."

"रिकामीच असते तर चोराला काय दाखवणार? दस्ता?"

पूनम स्वयंपाकघरात फिस्सकन हसली. तिथेच मी जिंकले.

अव्वांनी, म्हणजे माझ्या सासूबाई ईरम्मांनी, एकच अट घातली. "कोंडतीस तर कोंड. पण त्याला उपास घडवू नको. सोमवारी इभूती पायजे." आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होतेच, त्यात सोमवारची एक भर. मी हो म्हटलं. गावाकडे पडून असलेलं सासऱ्यांचं लोखंडी कपाट टेम्पोतून आणवलं. गंज खरवडला आणि आतून-बाहेरून राखाडी तैलरंगाचे दोन हात मी स्वतः दिले. बंदूक कपाटात, किल्ली माझ्याकडे. काडतुसं आमच्या झोपायच्या खोलीतल्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत, किल्ली गुरुराजकडे. दोन गोष्टी दोन जागी आणि दोन किल्ल्या दोन माणसांकडे, हा नियम मी घरात पाढ्यासारखा म्हणून घेतला.

गुरुराज सोमवारी घरी असले तर विभूती ते लावतात. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट दोन पेरांनी कमी आहे. लहानपणी उसाच्या चरकात गेलं, असं घरात सांगतात. त्यामुळे त्यांचे पट्टे दोनच उमटतात, मध्ये मोकळी जागा. कपाळावरही तसंच. लग्नात माझ्या बहिणींनी त्यावरून त्यांची पुष्कळ थट्टा केली होती.

२

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. तेवढे दिवस मी कपाटात सांडग्या-पापडांचे डबे ठेवले. निकाल लागून सगळं निवल्यावर गुरुराज बंदूक घेऊन आले. मी डबे काढले, कपाट ओल्या फडक्याने पुसलं, बंदूक ठेवली, चापाला कुलूप घातलं, दाराची किल्ली फिरवली.

त्यानंतरच्या सोमवारी गुरुराज पंढरपूरला होते. मी वाटीत विभूतीची वडी भिजवली, दार उघडलं आणि तशीच उभी राहिले.

दस्त्यावर तीन ओले पट्टे होते.

विभूती लावतात त्या घरात हे माहीत असतं: ओली असते तोवर ती नीट दिसत नाही. वाळत गेली की पांढरी होते. दस्त्यावरचे पट्टे माझ्या डोळ्यांसमोर पांढरे होत होते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सावकाश, कुणी आत्ताच हात उचलून घेतल्यासारखे.

किल्ली माझ्या हातात होती. दार मी आत्ता उघडलं होतं.

मी घाबरट बाई नाही आणि घाईने काही मानत नाही. स्वतःला म्हटलं, कपाट पुसल्याचा ओलावा आत राहिला असेल, मागच्या वेळची विभूती भिजून पुन्हा वाळत असेल. पण मागच्या वेळची विभूती ठाण्यात कधीच पुसून गेली होती. मग माझी तीन बोटं त्या पट्ट्यांवर धरून बघितली. माझी बोटं बाहेर आली. पट्टे बारीक होते, अगदी जवळजवळ. बालवाडीतल्या मुलाच्या हाताचे.

राजनंदिनीला बोलावून तिची बोटं धरली तर? तो विचार आला आणि मी तो बाजूला ठेवला. तिचा हात त्या लाकडाला लागू नये म्हणून तर हे कपाट आणलं होतं.

ओल्या फडक्याने मी दस्ता स्वच्छ पुसला. मागून अव्वांचा आवाज आला. त्या काठी टेकत दारात येऊन उभ्या होत्या.

"पुसू नको ते."

"कुणी लावलं, अव्वा?"

त्यांच्या हाताची बोटं संधिवाताने वाकलेली, मुठीसारखी. त्यांनी लावलं नव्हतं हे मला दिसत होतं. त्या माझ्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिल्या.

मी माझे तीन पट्टे ओढले, रुंद, मोठ्या माणसाचे, आणि दार लावलं.

३

आमच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना आहे. दिवसभर खडखड चालू असते. बाहेरून आलेल्या माणसाचं डोकं उठतं, आम्हाला ऐकूही येत नाही. वीज गेली की माग थांबतात, आणि मग घरातला एकेक आवाज सुटा होतो. घड्याळ. नळाची गळती. अव्वांचा श्वास.

त्या दुपारी वीज गेली आणि मला एक आवाज ऐकू आला. खट्. बुटका, तेल घातलेल्या लोखंडाचा. दसऱ्याला गुरुराज बंदूक साफ करतात तेव्हा नळ्या खाली मोडताना होतो तो. आत बघायला, काडतूस भरायला बंदूक उघडतात, तो आवाज.

मी मधल्या खोलीत गेले. राजनंदिनी कपाटाला पाठ लावून बसली होती. पुढ्यात तिची जेवणाची ताटली, आणि दाराच्या खालच्या फटीशी चपातीचा एक घास नीट ठेवलेला, वर शेंगाचटणीची चिमूट.

"हे काय गं?"

"ऊटा," ती म्हणाली.

ऊटा म्हणजे कानडीत जेवण. पूनमला कानडी येत नाही, पोरांनाही नाही. पण अव्वा दिवसभर कानडी-मराठीची सरमिसळ बोलत असतात, तिथून उचललं असेल. हे मी मनात नीट मांडून घेतलं.

"कुणाला ऊटा?"

"त्याला. लई भूक लागलीय त्याला. तू नुसती विभूती लावतीस."

"आणि हे तुला कुणी सांगितलं?"

"तोच सांगतो की. वीज गेल्यावरच ऐकू येतं." मग तिने मला समजावून सांगितलं, बसूला सांगते तसं, हळू. "आज्जी, त्याला हात नाहीत. हात नाहीत म्हणून त्याला आपलं आपण खाता येत नाही. भरवावं लागतं."

"भलवायचं," बसू म्हणाला.

मी घास उचलला, ताटली उचलली, दोघांना उठवलं. उठवताना सहज तिच्या उजव्या हाताकडे नजर गेली. बोटं स्वच्छ होती. तेलकट, चटणीची, पण विभूतीचा कण नाही. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

माग पुन्हा सुरू झाले. त्या खडखडाटाआड काय चाललं असेल ते आता ऐकू येणार नव्हतं.

४

गुरुराज आल्यावर मी सगळं सांगितलं.

"उंदीर असेल," ते बूट काढता काढता म्हणाले.

"उंदीर बंदूक मोडतो का?"

"आपल्या पेठेतला उंदीर काय सांगावं. सूत खाऊन खाऊन माजलेत." ते हसले. पूनम चहा घेऊन आली, ती हसली नाही.

"मामा, पोरं रोज तितंच जाऊन बसत्यात," ती म्हणाली. "मी हाकललं की बसू रडतो. मला ते न्हाय पटत."

"अव्वा काहीतरी गोष्टी सांगत असेल. पोरांच्या डोक्यात काय, काहीही बसतं."

"राजनंदिनी म्हणते, त्याला हात नाहीत, त्याला भरवावं लागतं," मी म्हणाले.

त्यांचं हसणं थांबलं. कपबशी खाली ठेवताना बशीत चहा सांडला. मग ते उठले, माझ्याकडून किल्ली घेऊन कपाट उघडलं. बंदूक मिटलेली होती, चापाचं कुलूप जागच्या जागी. माळ्यावरची पेटी काढून बघितली. काडतुसं होती तशी, निळी, प्लॅस्टिकची, डब्यात आडवी.

"बघ. झालं समाधान?"

"नाही. ही घरात नको मला."

"शिवलीला, अगं परवाना आहे. अप्पांची आठवण आहे. उद्या कुणी शिरलं घरात तर?"

"परवाना चोरासाठी आहे. चोर अजून एकदाही आला नाही. पोरं रोज घरात आहेत."

"दोन कुलपं आहेत की त्याला! तूच घातलीस."

"मीच घातली. म्हणूनच सांगते, पुरत नाहीत."

ते दार लावायला पुढे झाले, आणि मला एक गोष्ट दिसली जी इतक्या वर्षांत दिसली नव्हती. दार ढकलताना त्यांनी उजवा हात मागे घेतला. डाव्या हाताने, कोपराने, लांबून ढकललं.

"सोमवारी बघू," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पंढरपूरला गेले.

५

त्या दुपारी मी कडक भाकऱ्या थापत होते, पूनम गच्चीत मिरच्या वाळत घालत होती. अव्वा पडल्या होत्या. पोरं पलंगावर झोपलेली मी स्वतः बघून आले होते.

वीज गेली. माग थांबले.

खट्.

हाताचं पीठ न झटकता मी धावले. दोघं कपाटासमोर मांडी घालून बसली होती, हात जोडून, डोळे मिटून, देवघरासमोर मी त्यांना बसवते तशी. पुढ्यात विड्याचं पान. पानावर एक काडतूस.

निळं नव्हतं. जाड लाल कागदाच्या नळीचं, कडेने विटलेलं, बुडाचं पितळ काळं पडलेलं. असं काडतूस आमच्या घरात नव्हतं. बाजारातही आता मिळत नसावं. त्या लाल कागदावर तीन बारीक पट्टे होते, अजून अर्धे ओले.

"हे कुठून आणलंस?" माझा आवाज मला साधाच वाटला.

"मी नाही आणलं. त्यानंच दिलं." राजनंदिनीने दाराच्या खालच्या फटीकडे बोट केलं. "तिथून घरंगळत आलं. म्हणाला, तू झोपलीस की तुझी किल्ली काढायची. मग मी भरवायचं आणि बसूनं समोर बसायचं. पंगतीसारखं."

बसूने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसला.

मी काडतूस पदरात उचललं. न्हाणीघरात जाऊन पाण्याच्या बादलीत सोडलं, वर ताट झाकलं, ताटावर वरवंटा ठेवला. पूनमला हाक मारली. तिने पान बघितलं, पोरांकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. एकही प्रश्न विचारला नाही.

"आई, मी पोरास्नी घिऊन नातेपुत्याला जाती. माज्या माहेरी. आत्ताच्या आत्ता."

"जायचं तर जा. पण आधी शेजारी विजयमालाकडे बस. अव्वांनाही घेऊन जा. घर आपण सोडायचं का त्यानं, ते आज ठरवू."

"आणि तुमी?"

"मी इथेच आहे."

अव्वा गेल्या नाहीत. पलंगावरून उठायलाच त्या तयार नव्हत्या. पूनम पोरांना दोन्ही काखेत मारून निघून गेली.

मी गुरुराजना फोन लावला.

"आत्ता निघा."

"अगं, गिऱ्हाईक बसलंय समोर."

"परवाना तुमच्या नावावर आहे, मला बंदूक हलवता येत नाही. नाहीतर रिक्षात घालून मीच ठाण्यावर नेली असती."

"झालं काय ते सांगशील का?"

"पोरांनी पान मांडलं होतं. पानावर काडतूस होतं. आपलं नाही, जुनं."

पलीकडे दुकानातला पंखा ऐकू येत होता.

"लाल कागदाचं?" त्यांनी विचारलं.

रंग मी सांगितला नव्हता.

"निघालो," ते म्हणाले.

६

वीज आली नव्हती. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून कपाटाच्या दाराला पाठ लावून बसले. उगीच घर भरून भीती पसरायला नको, ती असेल तिथेच असू दे, असा माझा हिशेब. समोर खिडकीतून कडक ऊन आत येत होतं. दुपारचं ऊन, भिंतीवर कॅलेंडर, दोरीवर बसूची चड्डी. अशा उजेडात काय होणार?

मी तर्क करत राहिले. काडतूस कपाटाच्या तळाच्या सांध्यात अडकलेलं असेल, सासऱ्यांच्या काळापासून. टेम्पोत हललं, आता सुटलं. होऊ शकतं. राजनंदिनी गोष्टी रचते, सगळीच पोरं रचतात. होऊ शकतं. पट्टे? पट्ट्यांपाशी मी थांबत होते. विभूतीची वाटी देवघरात वरच्या फळीवर असते, माझ्याच हाताला पोचते.

पाठीमागे लोखंड हललं. खट्. तो धक्का माझ्या मणक्यात उतरला.

मग दुसरा आवाज. पत्र्यावरून ओली बोटं ओढल्याचा. आतून. माझ्या कमरेच्या उंचीवर. थांबून, पुन्हा. थांबून, पुन्हा. घाई नव्हती त्याला. लहान मूल जीभ बाहेर काढून अक्षर गिरवतं, तेवढी मन लावून चाललेली ओढ.

माझे पाय उठायला बघत होते. मी त्यांना उठू दिलं नाही.

"ऐक," मी मोठ्याने म्हणाले. रिकाम्या खोलीत बोलायची मला लाज वाटली नाही. "तुला हात नाहीत. हात या घरातल्या माणसांना आहेत. ते भाकरी थापायला आहेत, पाटी धरायला आहेत. तुला एकही मिळणार नाही. लहान नाही, मोठा नाही."

आवाज थांबला. ऐकत असल्यासारखा.

तेव्हा मला माझाच राग आला. पाठ करून बसले होते मी. ज्याला कोंडलं त्याच्याकडे पाठ करून बसायचं म्हणजे त्याला मानणं झालं. आणि चापाचं कुलूप अजून बघायचं राहिलं होतं. मी उठले, स्टूल सारलं, कमरेची किल्ली लावली आणि दार सताड उघडलं.

कुलूप चापावरच होतं. घट्ट, मी घातलं तसं. पण बंदूक मोडलेली होती. नळ्या पुढे झुकून खाली लोंबत होत्या आणि त्यांची मागची दोन भोकं वर, माझ्याकडे. घरट्यातलं पिल्लू चोच वर करून वाट बघतं ना, तशी.

मी तिच्याकडे फार वेळ बघितलं नाही. कारण दाराच्या आतल्या बाजूला काहीतरी होत होतं.

तिथे काहीच नव्हतं आधी, माझा राखाडी रंग फक्त. मग त्यावर एक पांढरी रेघ उमटली. वाळत गेली तशी पूर्ण झाली. तिच्याखाली दुसरी, तिसरी. तीन बारीक पट्टे. त्यांच्या शेजारी आणखी तीन. वेगळ्या हाताचे, थोडे मोठे. त्यांच्या खाली अगदी चिमुकले तीन. दार खालच्या अर्ध्यात हळूहळू पांढरं होत चाललं, सगळं पोरांच्या हाताच्या उंचीवर. कुणाची होती ती पोरं, मला माहीत नाही. सासऱ्यांच्या आधी ती बंदूक कुणाकडे होती, तेही नाही.

कोपऱ्यात एकाच हाताचे पट्टे रांगेने होते. तीन. तीन. तीन.

मग दोन. मध्ये मोकळी जागा.

७

गुरुराज आले तेव्हा मी उघड्या दारासमोर उभीच होते. त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. ते खाली बसले, त्या कोपऱ्यासमोर, आणि उजवा हात पुढे करून त्या दोन पट्ट्यांजवळ नेला. टेकवला नाही. हात आता कितीतरी मोठा होता. बोटांमधलं अंतर मात्र तेच.

"हा रंग कधीचा?" त्यांनी विचारलं.

"कपाट आणलं तेव्हाचा. तुमच्यासमोरच दिला की."

त्यांनी हात मागे घेतला. मी अव्वांच्या खोलीकडे वळले. दार उघडंच होतं, त्या पलंगावर बसून ऐकत होत्या.

"अव्वा, तुमच्या रानात ज्वारी. उसाचा चरक आला कुठून?"

अव्वांनी नजर वळवली नाही.

"माझ्या पोराचं बोटावर भागलं, शिवलीला," त्या म्हणाल्या. "समद्यांचं बोटावर भागत न्हाय."

"माझ्या घरात बोटावरसुद्धा भागणार नाही."

मी बंदूक उचलली. पहिल्यांदाच तिला दोन्ही हातांनी धरलं. मला वाटलं होतं जड असेल, किंवा गार. ती कोमट होती, तापाने निजलेल्या पोरासारखी. मी नळ्या मिटवल्या, गुरुराजच्या हातात दिली आणि म्हणाले, "परवाना घ्या. मी बरोबर येते."

ठाण्यातला हवालदार ओळखीचा झाला होता. "काय शेट, पुन्यांदा विलेक्शन लागलं का?"

"जमा नाही करायची," मी म्हणाले. "परवाना रद्द करायचा. आणि ही तोडून टाकायची."

"वैनी, चांगली चीज हाय ही. इकली तर कोन बी डोळं झाकून घील."

"घेईल. त्याच्या घरात पोरं नसतील?"

तो हसला. मागच्या पोलीस लायनीतून लहान सायकलची घंटी वाजली. दोनदा. हवालदाराची मान नकळत तिकडे वळली.

"तुमची?"

"व्हय. बारकी."

"तोडेपर्यंत तिला या खोलीत येऊ देऊ नका. आणि तिनं भूक लागलीय म्हटलं, तर कुणाला लागलीय ते विचारा."

तो हसायचा थांबला. गुरुराजनी माळ्यावरची पेटी आणि बादलीतलं भिजलेलं काडतूस टेबलावर ठेवलं आणि अर्जावर सही केली. उजव्या हाताने, आपल्या अडीच बोटांत पेन धरून, सावकाश.

असल्या कामाला वेळ लागतो. कागद वर जातो, खाली येतो, कुठेतरी झोपतो. मी दर सोमवारी जाऊन विचारत राहिले. कपाटाची पूजा नव्हती, म्हणून तो वेळ मोकळाच होता. "वैनी, तुमी लई चिकट," हवालदार म्हणायचा आणि चहा मागवायचा. शेवटी एका सोमवारी त्याने मला बंदुकीचे कापलेले तुकडे दाखवले. दस्ता वेगळा, नळ्या मधोमध चिरलेल्या. दस्त्यावर काहीच पट्टे नव्हते. मी उलटून पालटून बघितलं.

पूनम आठवडाभर नातेपुत्याला राहून परत आली. गुरुराज म्हणाले, कपाट भंगारात देऊ. मी नाही म्हटलं. भंगारवाल्याच्या घरातही पोरं असतात. मी दार बिजागऱ्यांतून काढून घेतलं, आतली बाजू घासून पत्रा उघडा केला आणि ते गच्चीत पाण्याच्या टाकीखाली टेकूला लावलं. कपाट मधल्या खोलीतच आहे, सताड उघडं, पापडांचे डबे भरलेलं, माझ्या नजरेसमोर. मला जे नको असतं ते मी कुणाच्या गळ्यात बांधत नाही आणि त्याला पाठही दाखवत नाही.

काल दुपारी मी भाकऱ्या करत होते. पोरं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटीवर चित्रं काढत होती. वीज गेली. माग थांबले. घड्याळ ऐकू आलं, नळ ऐकू आला.

आणि मधल्या खोलीतून, पापडाच्या डब्यांमागून, खट्.

राजनंदिनीचा खडू थांबला. तिने वर बघितलं, कपाटाकडे नाही, माझ्याकडे. मी काय करते ते बघायला.

मी तव्यावरची भाकरी उलटली. मागे वळले नाही.

"उपाशी राहा," मी म्हणाले.

भाकरी फुगली. राजनंदिनीने पुन्हा खडू उचलला.